साठीच्या तोंडावर शिट्टी

न्यू जर्सीत मुलांच्या सॉकरला, म्हणजे आपल्या फुटबॉलला, रेफरी पुरत नाहीत. शनिवार-रविवारी पार्कांमध्ये सकाळी आठपासून सामने लावलेले असतात. मुलं येतात, आईबाप घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन येतात, आणि रेफरीचा पत्ता नसतो. मग कुणातरी बापाच्या गळ्यात शिट्टी अडकवली जाते आणि पुढचा तासभर तो बिचारा दोन्ही बाजूंचं ऐकून घेतो. गावच्या क्लबात वर्षानुवर्षं लुडबुड केलेला माणूस म्हणून हे मला ठाऊक होतं. नोकरीतून मोकळा झालो त्या हिवाळ्यात क्लबाची नेहमीची विनवणी आली, कुणी रेफरीचा कोर्स करता का? मी नाव घातलं.

बायको म्हणाली, "गुडघ्यांना विचारलंस का?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, ८८ वर्षांचे आहेत. जन्म कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. ते म्हणाले, "पंच व्हायलायस? दोन्ही पेठांचा मार खायला लागतोय, म्हाईत हाय न्हवं?"

आमच्या एडिसन गावात पेठा नाहीत हे पन्नास वर्षं अमेरिकेत काढूनही त्यांना पटलेलं नाही. त्यांचं तरी काय चुकतं? कोल्हापुरात फुटबॉल कुणी शोधत जात नाही, तो घराच्या पत्त्याबरोबर मिळतो. खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ... जन्म कुठल्या गल्लीत झाला त्यावर संघ ठरतो आणि शाहू स्टेडियमवर कुणाच्या नावानं बोंब मारायची हेही ठरतं. मला असं आयतं काही मिळालं नाही. अमेरिकेत सॉकरवर जीव जडला की राबावं लागतं. सामना कुठल्या वाहिनीवर दिसतो ते हुडका, मैदानावर रंगाच्या रेघा ओढा, गोलला जाळ्या बांधा, ऑफिसात लोकांना समजावून सांगा की शून्य-शून्य सुटलेला सामनाही बघण्यासारखा असू शकतो. आवडता संघच काय, अख्खी लीग बुडाली की दुसरी निघेपर्यंत दम धरा. ही कामं मी आयुष्यभर करत आलोय. रेफरीचा कोर्स हे त्यांतलंच आणखी एक.

आम्ही १९७५च्या उन्हाळ्यात जर्सी सिटीत आलो तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्याच जूनमध्ये पेलेनं न्यूयॉर्क कॉसमॉस या संघाशी करार केला. अण्णा आजही ही गोष्ट अशी सांगतात, की जणू आम्ही आलो म्हणून तो आला. कॉसमॉस तेव्हा रँडल्स आयलंडवरच्या एका जुनाट स्टेडियमवर खेळायचे. पेलेचा पहिला सामना टीव्हीवर जाणार म्हणून मैदानातल्या उघड्या मातीवर चक्क हिरवा रंग फासला होता. दोन वर्षांत ते नदीच्या अलीकडे, आमच्या न्यू जर्सीत, जायंट्स स्टेडियमवर आले. १४ ऑगस्ट १९७७ला फोर्ट लॉडरडेलविरुद्धच्या प्लेऑफला तिथे ७७,६९१ माणसं होती. पेले, बेकनबाउअर, कार्लोस आल्बेर्तो, किनाल्या. कॉसमॉसनी ८-३ असा धुव्वा उडवला. वरच्या मजल्यावरून खेळाडूंचे फक्त नंबर दिसत होते, पण अण्णा रंकाळ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात प्रत्येकाला नावानं हाका मारत होते. पुढच्या रांगेतल्या एका इटालियन आजोबांनी त्यांना अर्धं सँडविच देऊ केलं. ते सलामी या इटालियन खारवलेल्या मांसाचं होतं, ते अण्णांनी खाल्लं, आणि आईला सांगायचं नाही असं आमचं ठरलं. आई आता नाही, म्हणून लिहितो आहे.

१९८४च्या हंगामानंतर कॉसमॉस खेळायचे ती लीगच बंद पडली. मी कॉलेजात होतो. पुढची काही वर्षं निव्वळ दुष्काळाची. इंग्रजी वाहिन्या मोठा सामना दाखवायच्या तोही मधेच जाहिरात घुसवून, म्हणून मी युनिव्हिजनवर स्पॅनिशमधून बघायचो. मला स्पॅनिश येतं ते तेवढंच, गोलकिक, कॉर्नर आणि पंचांच्या आईचा उद्धार. १९ नोव्हेंबर १९८९ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पॉल कॅलिजुरीनं लांबून डाव्या पायानं मारलेला चेंडू त्रिनिदादच्या गोलात पडला आणि अमेरिका १९५०नंतर प्रथमच वर्ल्ड कपला पोहोचली. त्या संघातले टोनी मिओला, जॉन हार्क्स, टॅब रामोस हे तिघं आमच्या शेजारच्या कर्नी-हॅरिसन भागात वाढलेले, माझ्या आगेमागे जन्मलेले. तिथे सूतगिरणीत कामाला आलेल्या स्कॉटिश लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच हा खेळ रुजवला होता. म्हणजे पेठ होती, फक्त माझी नव्हती.

तर कोर्स. पहिला भाग घरबसल्या. अमेरिकेच्या सॉकर फेडरेशनच्या लर्निंग सेंटरवर खातं उघडायचं, फी भरायची आणि एकेक धडा ऐकत, मधल्या प्रश्नांची उत्तरं देत पुढे सरकायचं. सगळ्यात खालची पायरी ग्रासरूट्स रेफरीची. वय १३ पूर्ण असलं की पुरे, वर मर्यादा नाही, आणि या पायरीवर धावण्याची परीक्षाही नाही. हे शेवटचं वाक्य बायकोला मी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं.

१८ वर्षांवरच्यांना दोन गोष्टी जादा असतात. एक म्हणजे आपल्या नावावर काही गुन्हा आहे का याची पडताळणी. दुसरी सेफस्पोर्टचं प्रशिक्षण. जिम्नॅस्टिक्समधल्या लॅरी नासर या डॉक्टरनं मुलींवर केलेल्या अत्याचारांच्या प्रकरणानं देश हादरला, त्यानंतर २०१८मध्ये कायदा झाला, आणि आता मुलांच्या खेळाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे करावं लागतं. अल्पवयीन खेळाडूबरोबर एकट्यानं आडोशाला थांबायचं नाही, खाजगी मेसेज पाठवायचे नाहीत, काही वावगं दिसलं तर २४ तासांच्या आत कळवायचं. तासन्‌तास चालणारे हे धडे कंटाळवाणे आहेत असं बरेच जण कुरकुरतात. मला ते कंटाळवाणे वाटले नाहीत, जड वाटले. एक धडा झाला की मी उठून अंगणात चक्कर मारून यायचो.

मग नियम. एकूण १७. मला वाटलं होतं हे तर आपल्या हातचं. पण बघ्याचे नियम वेगळे आणि छापलेले वेगळे. ऑफसाइड म्हणजे चेंडूच्या आणि समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे, त्यांच्या गोलकडे राहून खेळात भाग घेणं. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो हे मला माहीत होतं. गोलकिकलाही नसतो हे अंधुक ठाऊक होतं. पण ऑफसाइडच्या जागी नुसतं उभं राहणं हा अपराधच नाही, हे पुस्तकात पहिल्याच ओळीला येतं. चेंडू सहकाऱ्याच्या पायातून सुटला त्या क्षणी तू कुठे होतास, आणि त्यानंतर तू खेळात ढवळाढवळ केलीस का, एवढाच प्रश्न. स्टेडियममध्ये आपण ज्या घटकेला "ऑफसाइड!" म्हणून ओरडतो त्या घटकेला रेफरीला अजून थांबून बघायचं असतं.

माझ्या बाबतीत ऑफसाइडची आणखी एक गंमत. मी हा नियम शिकलो कॉसमॉसच्या काळात, आणि त्या लीगनं अमेरिकी प्रेक्षकाला खेळ गोड लागावा म्हणून नियमांत मनसोक्त कालवाकालव केली होती. ऑफसाइड मधल्या रेषेपासून न धरता गोलपासून ३५ यार्डांवर आखलेल्या वेगळ्याच रेषेपासून धरायचे. बरोबरी चालत नसे. सामना अडला की खेळाडू एकटाच ३५ यार्डांवरून गोलकीपरवर चाल करून जायचा, ५ सेकंदांत काय ते उरकायचं. जिंकणाऱ्याला ६ गुण, शिवाय गोलांचे वेगळे. फिफानं पुढे त्या रेषेवरून लीगचे कान उपटले. पण दहा-अकरा वर्षांच्या पोराला फिफा कुठली माहीत? माझ्या डोक्यात ती रेष इतकी पक्की बसली होती, की १९७८च्या वर्ल्ड कपचं चित्रण पाहताना ३५ यार्डांची रेष कुठे गेली असं मी अण्णांना विचारलं होतं. अण्णांनी त्यावर कोल्हापूरच्या आणि जगाच्या फुटबॉलवर असं काही व्याख्यान दिलं, की हाफटाइमनंतरचं काहीच पाहता आलं नाही.

ऑनलाइन भाग संपला की प्रत्यक्ष मैदानावर एक सत्र करावं लागतं. मार्चमधली सकाळ, शाळेचं टर्फ, कानशिलं बधिर करणारा वारा. आलेल्यांत बहुतेक चौदा-पंधरा वर्षांची मुलं-मुली होती. काहींना त्यांच्या आया सोडायला आल्या होत्या. एका आईनं मला प्रशिक्षक समजून विचारलं की मुलांना न्यायला कधी यायचं. खरी प्रशिक्षक माझ्या मुलीपेक्षा लहान, राज्यस्तरावर सामने घेणारी, आवाज खणखणीत. तिनं आम्हाला ओळीत उभं केलं आणि सांगितलं, शिट्टी वाजवा. आम्ही वाजवली. ती म्हणाली, ही शिट्टी नाही, ही माफी आहे, परत.

शिट्टी बोलते हे मी तिथे शिकलो. चेंडू बाहेर गेला तर बहुतेक वेळा वाजवायचीच नाही, हात दाखवला की झालं. साध्या फाउलला छोटी. अंगावर येणाऱ्या फाउलला लांब आणि करकरीत, म्हणजे ज्याला लागलंय त्याच्या मित्रांना कळतं की रेफरीनं पाहिलंय आणि हिशेब आपण चुकवायची गरज नाही. पेनल्टीला त्याहून ठाम. या शिट्ट्यांमध्ये आता तो जुना वाटाण्याएवढा दाणा नसतो. रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या कॅनडाच्या बास्केटबॉल पंचाची दाण्याची शिट्टी ऐन सामन्यात अडकली, वाजलीच नाही, आणि त्यानं बिनदाण्याची बनवून घेतली. आज जगभर तीच चालते. माझी पिवळी आहे. नातीनं रंग निवडला.

मग पळायचं कसं ते. रेफरी मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे, तिरक्या वाटेनं धावतो. दोन सहाय्यक दोन बाजूच्या रेषांवर अर्धं-अर्धं मैदान सांभाळतात. सहाय्यकानं बचाव फळीतल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत राहायचं, चेंडू त्याच्याही पुढे गेला तर चेंडूच्या रेषेत. म्हणजे दिवसभर खेकड्याच्या चालीनं आडवं सरकायचं. ऑफसाइड दिला की झेंडा सरळ वर. रेफरीनं शिट्टी मारली की तो पलीकडच्या, मधल्या किंवा अलीकडच्या भागाच्या दिशेनं खाली आणायचा. पोरांनी हे चटकन उचललं. माझा झेंडा वाऱ्यानं काठीभोवती गुंडाळला जाई, कारण मी तो पोलिसाच्या दंडुक्यासारखा धरत होतो.

त्या दिवशी सगळ्यात रंगलेली चर्चा बाराव्या नियमाची. फाउलच्या तीन पायऱ्या. निष्काळजी असेल तर नुसती फ्रीकिक. समोरच्याला लागेल याची पर्वा न करता केलेला असेल तर पिवळं. गरजेपलीकडे ताकद लावून त्याचा जीव धोक्यात घातला तर लाल. सांगायला सोपं, पण प्रशिक्षकानं एकेक प्रसंग करून दाखवला आणि हात वर करायला सांगितले तर वर्गाची तीन शकलं झाली. मग चेंडू हाताला लागण्याचा मुद्दा आला आणि मला राहवेना. मी २००२ काढलं.

२००२चा वर्ल्ड कप कोरिया-जपानमध्ये होता. अमेरिकेचे सामने इथे अपरात्री नाहीतर पहाटे. मेक्सिकोविरुद्धचा रात्री अडीचला सुरू झाला. मी आणि मुलगी टीव्हीचा आवाज बंद करून, उशीत तोंड खुपसून ओरडलो. २-० जिंकलो. चार दिवसांनी क्वार्टर फायनल, जर्मनी, सकाळी साडेसात. मी ऑफिसात उशिरा येतो म्हणून कळवलं आणि खरं कारणही सांगितलं. साहेबाला वाटलं मी थट्टा करतोय. जर्मनीच्या बालाकनं हेडरनं गोल केला, १-० मागे. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला कॉर्नरवरून आलेला चेंडू आमच्या ग्रेग बरहॉल्टरनं मारला आणि तो गोलरेषेवर जर्मनीच्या टॉर्स्टन फ्रिंग्जच्या हाताला लागून थांबला. स्कॉटलंडचे रेफरी ह्यू डॅलस यांनी शिट्टी वाजवली नाही. सामना १-० असाच संपला. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. त्या दिवशी ती माझ्याकडून कोल्हापुरीतले काही शब्द शिकली, जे अण्णांनी मला कॉसमॉसच्या काळात शिकवले होते.

वर्गातल्या पोरांपैकी कुणी तेव्हा जन्मलेलंही नव्हतं. कुणीतरी फोनवर ती चित्रफीत काढली, सगळे वाकून बघू लागले. प्रशिक्षक म्हणाली, त्या काळचा नियम फक्त मुद्दाम लावलेल्या हाताचा. चेंडू जवळून आला, हात चेंडूकडे गेला की चेंडू हाताकडे? आणि आजच्या नियमानं, हात पसरून शरीर मोठं केलं होतं का? एका चौदा वर्षांच्या मुलीनं शांतपणे सांगितलं की तिच्या मते डॅलस यांना जिथून दिसत होतं तिथून निर्णय समजण्यासारखा आहे. तिचं म्हणणं मुद्देसूद होतं. मी सगळे नियम वाचलेत, परीक्षा पास झालोय, आणि ती पेनल्टी होती.

असाच एक सल अण्णांशी वाटून घेतलेला आहे. ऑक्टोबर २०१७. भारतात १७ वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप, आणि ६ तारखेला दिल्लीत यजमानांचा पहिलाच सामना अमेरिकेशी. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव. अण्णा सकाळीच अंघोळ करून टीव्हीसमोर बसले. मी अमेरिकेच्या जर्सीत. दोघांत चहाचा ट्रे. अमेरिकेनं ३-० घेतला आणि अण्णा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. चारच दिवसांनी, १० तारखेला, त्रिनिदादमधल्या कूवा गावात अमेरिकेचा मोठ्यांचा संघ २-१ हरला आणि २०१८च्या वर्ल्ड कपला मुकला. तेच त्रिनिदाद, जिथे कॅलिजुरीनं आम्हाला दार उघडून दिलं होतं. त्या रात्री अण्णांनी स्वतःच्या हातानं माझ्यासाठी दूध गरम केलं. वर एवढंच म्हणाले, "बरोबरीसुद्धा चालली असती न्हवं?" चालली असती.

कोर्स पास झालो. बॅज आला, त्यावर सालाचा आकडा असतो, दर वर्षी नवा. पिवळा शर्ट, काळी चड्डी, काळे मोजे, दोन घड्याळं, नाणं, वही, पेन, दोन कार्डं. सामने वाटून देणाऱ्याला इथे असाइनर म्हणतात. त्यानं पहिलं काम दिलं ते १० वर्षांखालच्या मुलींचं. सात-सात जणी, चार नंबरचा चेंडू, २५-२५ मिनिटांचे दोन हाफ, रेफरी एकटा. घाबरण्यासारखं काही नाही असं तो म्हणाला.

मी वेळेआधी बराच लवकर पोहोचलो. जाळ्या ओढून पाहिल्या, चेंडू दाबून पाहिला, मग मुलींना रांगेत उभं करून शिनगार्ड तपासले. एका मुलीच्या कानांत बारीक सोन्याच्या बाळ्या. चौथा नियम स्पष्ट होता, दागिना चालत नव्हता, वरून टेप लावूनही नाही. मी तिला इंग्रजीत सांगितलं की बाळ्या काढाव्या लागतील. ती आईकडे पळाली. आई रेषेवरून नवऱ्याला म्हणाली, "अरे, सांग ना त्यांना, गेल्या महिन्यात टोचलेत कान, काढले तर बुजतील!" नवरा माझ्याकडे यायला निघाला, चेहरा कसनुसा.

मी म्हटलं, "वहिनी, तासाभरात नाही बुजत. सामना संपला की लगेच घाला."

वहिनींचं तोंड उघडंच राहिलं. मग "अय्या, आपले आहात होय!" आणि लगेच, "मग राहू द्या ना." मी नाही म्हटलं. बाळ्या पर्समध्ये गेल्या. पण या ओळखीचा त्यांनी पुढे पन्नास मिनिटं पुरेपूर फायदा घेतला. बाकीचे पालक इंग्रजीत ओरडत होते ते मी कानाआड करू शकत होतो, पण "अहो काका, ढकललं ना तिनं! काका, इकडे बघा!" हे थेट मणक्यात शिरत होतं.

त्या मैदानावर मधली रेष आणि पेनल्टी क्षेत्र यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक जादा रेष आखलेली असते. बिल्ड-आउट लाइन म्हणतात तिला. गोलकीपरच्या हातात चेंडू आला की समोरच्या संघानं या रेषेमागे जायचं, म्हणजे बिचाऱ्या बचावाला चेंडू पायात घेऊन खेळ रचायची उसंत मिळते. गोलकीपरनं हातातून लाथ मारून चेंडू उंच भिरकवायचा नाही. आणि ऑफसाइड? तो मधल्या रेषेपासून धरायचा नाही, या जादा रेषेपासून धरायचा. धडा वाचताना मी खुर्चीत मागे रेलून हसलो होतो. फिफानं उपटलेली कॉसमॉसवाली रेष नऊ वर्षांच्या पोरींसाठी परत उगवली होती! त्या दिवशी उत्तरार्धात एक चपळ मुलगी मधल्या रेषेपलीकडे एकटी उभी होती, चेंडू तिच्याकडे आला, समोरचा कोच "ऑफसाइड!" म्हणून उसळला, आणि मी हातानं खुणावलं, खेळा. गोल झाला. कोचला मी रेष दाखवली. अशा बाबतीत मला फसवणं अवघड आहे.

हेडरचं मात्र वाईट वाटतं. दहा वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांना हेडर बंद आहे. डोक्याच्या इजांवरून फेडरेशनवर दावा झाला होता, तो मिटवताना २०१५च्या अखेरीस हा नियम आला. मुद्दाम हेडर मारला की समोरच्यांना इनडायरेक्ट फ्रीकिक. नियम योग्यच आहे, मेंदू एकच मिळतो. पण त्या दिवशी त्याच बिनबाळ्यांच्या पोरीनं कॉर्नरवर अशी झेप घेतली, असा मान वळवून चेंडू कोपऱ्यात घातला, की माझ्या तोंडून शिट्टीआधी "वा!" निघालं. मग शिट्टी वाजवली, हात वर धरला. गोल रद्द. ती माझ्याकडे बघत राहिली. वहिनी काय म्हणाल्या ते छापण्याजोगं नाही, पण व्याकरणशुद्ध होतं.

उन्हाळ्यापर्यंत मला १३ वर्षांवरच्यांच्या सामन्यांत सहाय्यक म्हणून घेऊ लागले. इथे रेषेवर एक विचित्र गोष्ट घडली. मला गोल दिसेनासे झाले. सहाय्यकाची नजर शेवटून दुसऱ्या बचावपटूवर. चेंडू कुणी मारला ते कानानं ऐकायचं, नुसता धप्प आवाज, आणि त्याच क्षणाला फळी पाहायची. समोरून अप्रतिम पास येतो, पोरगा निसटतो, आणि मी बघत असतो एका दमलेल्या डिफेंडरचा डावा खांदा. १० जुलै १९९४ला जायंट्स स्टेडियमवर वर्ल्ड कपमध्ये बल्गेरियानं जर्मनीला २-१ हरवलं तेव्हा मी तिथे होतो. लेचकॉवचं ते डाईव्ह मारून केलेलं हेडर, उन्हात चमकणारं त्याचं टक्कल, हे मला आजही जसंच्या तसं दिसतं. रेषेवरच्या माणसाला त्यातलं काय दिसलं असेल, असा विचार इतक्या वर्षांत कधी मनात आला नव्हता. आता टीव्हीवर सामना बघतानाही मी फळीकडे बघत बसतो आणि जावई म्हणतो, बाबा, गोल झाला.

शिव्यांचं म्हणाल तर अण्णा सांगत होते तेवढ्या नाहीत. मार्च २०२५पासून फेडरेशननं रेफरीला त्रास देणाऱ्यांसाठी किमान शिक्षा ठरवून दिल्या आहेत, आणि रेफरी अल्पवयीन असेल तर त्या आणखी कडक. कारण उघड आहे. नवे रेफरी मोठ्या संख्येनं पोरं-पोरी असतात आणि एकदोन हंगामांत रडकुंडीला येऊन सोडून देतात. माझ्याबरोबर कोर्स केलेल्या एका मुलाला मी एका पार्कात भेटलो. दोन सामन्यांच्या मधे तो झाडाखाली बसून सफरचंद खात होता आणि त्याचे हात थरथरत होते. कुणा बापानं त्याला पार्किंगपर्यंत गाठून सुनावलं होतं. मी त्याला अहवाल लिहायला लावला, नंतर नाही, तिथेच. पुढच्या सामन्याला मी त्याच्या रेषेवर झेंडा घेऊन उभा राहिलो, तेव्हा माझं वय पहिल्यांदा उपयोगी पडलं. साठीचा, पांढऱ्या केसांचा माणूस नुसता रोखून बघत उभा असला की आईबाप आवाज खाली आणतात.

पानगळीच्या हंगामात नवा नियम आला. गोलकीपरनं चेंडू हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्यांना थेट कॉर्नर. आधी ६ सेकंदांचा नियम होता आणि इनडायरेक्ट फ्रीकिकची शिक्षा होती, पण ती कुणी देतच नसे. आता शेवटची ५ सेकंदं रेफरीनं हात वर करून बोटांनी मोजून दाखवायची. नव्या सालासाठी पुन्हा नोंदणी करताना याचा धडा होता, तो मी अण्णांना शेजारी बसवून पाहिला. अण्णा म्हणाले, "मोजायचं काय त्यात? पब्लिक मोजतंय की."

त्या रविवारी १३ वर्षांखालच्या मुलांचा सामना, मी मधे, म्हणजे मुख्य रेफरी. अण्णा रेषेपलीकडे खुर्चीत, अंगावर शाल, डोक्यावर कॉसमॉसची टोपी. १-१ बरोबरी, शेवटची काही मिनिटं, आणि एका गोलकीपरनं चेंडू पोटाशी धरून सावकाश इकडे-तिकडे बघायला सुरुवात केली. मी मनात तीन मोजले आणि हात वर केला. पाच. चार. समोरच्या बाकावरची पोरं माझ्याबरोबर ओरडून मोजू लागली. तीन. दोन. पलीकडून मराठीत "एक!" असा आवाज आला. मी शिट्टी वाजवली आणि कॉर्नरकडे हात केला.

गोलकीपरचा कोच तणतणत रेषेपर्यंत आला. असा नियमच नाही म्हणाला, वीस वर्षं कोचिंग करतोय म्हणाला. मी त्याला सांगितलं की नियम याच हंगामापासूनचा आहे, सामना संपल्यावर हवा तर दाखवतो, आता कृपया मागे जा. तो गेला, पण अण्णांच्या खुर्चीजवळ थांबून त्यांना काहीतरी बोलला. अण्णांनी त्याला पूर्ण उत्तर दिलं. त्यातलं त्याला काय कळलं कोण जाणे.

कॉर्नर थेट बाजूच्या जाळीवर बाहेरून आदळला. गोलकिक.